माझी दुसरी बायको आणि चंदगडचं पावणं

हसायचं न्हाय हां कुणी. म्हणजे हसा, पण माझं सांगून झाल्यावर. मधनंच हसलासा तर मला लाज वाटती आणि मग मी निम्म्यात उठून जातो. आधी चहा सांगा. सांगितला? मग ऐका. माझं जमलेलं लग्न मी माझ्याच तोंडानं मोडलं. आणि एकदा न्हाय, दोनदा. एकच लग्न, दोनदा! असा गडी बघितलाय का कुठं?

साल दोन हजार सहा का सात. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत ड्रॉइंग काढायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मी आणि अव्वा. आईला आम्ही अव्वाच म्हणतो, तिचं माहेर पार गडहिंग्लजच्या पलीकडं. आमच्या गल्लीच्या तोंडाला बंडाचा सायबर कॅफे. प्लायवूडची खोपटी, वर घरघरणारा एक पंखा, आणि भिंतीवर पाटी, 'मोठ्याने बोलू नये.' कोल्हापुरात ही पाटी! बंडा स्वतःच ती मोठ्यानं ओरडून वाचून दाखवायचा.

तिथं मला एका खेळाचं याड लागलं. त्यात तुम्हाला एक राजघराणं मिळतं. जादू हाय, राक्षस हाईत, उडणारी घोडी हाईत, पण खरी गंमत त्यात न्हवेच. खरी गंमत संसारात! लग्न करायचं, पोरं होऊ द्यायची, सोयरिकी जुळवायच्या, रुसलेल्यांना मान द्यायचा, भावकी आवरायची. तुम्ही म्हणाल, हे तर घरात फुकट मिळतंय, त्यासाठी कॅफेत कशाला जायचं? अव्वा बी हेच म्हणायची. पण घरात आपलं कोण ऐकतंय वो? घरात मी पंख्याचं बटण दाबायचं तरी अव्वाला विचारायचो. आणि खेळात? बटण दाबलं की लग्न! बटण दाबलं की बारसं! ह्या घराण्याचा विषय निघाला की मला तहानभूक राहायची न्हाय, समोर कोण बसलंय ते दिसायचं न्हाय.

त्याच दिवसांत खरं स्थळ आलं. हातकणंगल्याचं. मुलगी वैशाली, शाळेत मास्तरीण. तिचे वडील गावचे सरपंच होते, नुकतीच निवडणूक हरलेले. पण माणूस सरळ, घर चांगलं. कांदेपोहे झाले. मी आपलं सगळे विचारतात तसं विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

ती म्हणाली, "येतो. तुम्हाला?"

संपलं! मी तिथंच गार झालो. येताना गाडीत खिडकीला डोकं टेकून एकटाच हसत होतो. अव्वानं दंडाला चिमटा काढला, "दात झाक, लोकं बघायल्यात." आजवर स्थळं काय कमी आली होती व्हय, पण एवढी आवडली न्हवती कुणी. खरं सांगतो, जीव अडकला होता माझा.

मध्यस्थ होते बसाप्पाअण्णा, गुळाचे व्यापारी. ते दोन दिवसांनी सांगत आले, "पोरीला पसंत हाय. आता फकस्त चौकशी ऱ्हायली."

चौकशी म्हणजे तुम्हाला ठाऊकच हाय. पत्रिका जुळो न जुळो, चौकशी झाल्याशिवाय आमच्यात सुपारी फुटत न्हाय. मुलीकडचा एखादा मुरलेला माणूस न सांगता गल्लीत येतो. पानपट्टीवर, न्हाव्याकडं, दूधवाल्याकडं हळूच विचारतो. पोरगं पितंय का? आई कजाग हाय का? म्हणून मी काय केलं, आठवडाभर पानपट्टीवाल्याला वाकून नमस्कार घातला. न्हाव्याकडं गरज नसताना दाढी केली. दूधवाल्याला तर "काका, तब्येत कशी हाय?" विचारलं, तर त्याला वाटलं मी दूध बंद करतोय! एवढी तयारी. पण चौकशी सरळ माझ्याच शेजारी येऊन बसेल, हे कुणाच्या मनात येईल सांगा की!

रविवार होता. मी कॅफेत वाट बघत बसलोवतो, पण दुसऱ्याच पावण्याची. खेळात एक गडी होता, नाव अघोरनाथ. खरं नाव ठाऊक न्हाय, तोंड कधी बघितलं न्हाय. चंदगडचा, एवढंच म्हाईत. त्याच्या घराण्यातली मुलगी माझ्या राजाला तिसरी म्हणून करून घ्यायचं चाललं होतं. त्यानं चॅटवर कळवलेलं, 'रविवारी कोल्हापुरात येतोय. समोरासमोर बसून सोयरीक पक्की करू.' मी म्हटलं, कॅफेत ये आणि महेश म्हणून विचार.

अकराच्या सुमाराला दारात एक गृहस्थ उभे. पांढरी विजार, पांढरी टोपी, झुपकेदार मिशा, पायात करकरणारी चप्पल आणि कडक उन्हात खाकेत छत्री. चंदगडला पाऊस लई, तिकडचा माणूस छत्रीवरनं ओळखावा!

"म्हेश तुम्हीच न्हवं? मी चंदगडचा. सोयरिकीचं बोलायचं हुतं."

मी खुर्ची सोडून उठलोच. "या की वो पावणं! सकाळपासनं तुमचीच वाट बघतोय!"

"आँ? मी येनार ते ठावं हुतं तुमास्नी?"

"तर! बसा."

ते खूश झाले. मी तर त्यांच्याहून खूश. पंचावन्न-साठीचा माणूस आणि खेळाची एवढी हौस! चंदगडाहनं बस पकडून आलाय!

"मी म्हटलं," पावणं म्हणाले, "धा जनांस्नी इचारत हिंडन्यापरास पोराकडंच जावं. आडपडदा नगं. पोरीच्या जल्माचा सवाल हाय. आसंल त्ये सांगायचं."

काय मुरलेला गडी! मी मनात म्हटलं. खेळावं तर असं, अगदी खऱ्यासारखं.

"इचारा," मी म्हटलं, "आमच्यात लपवाछपवी न्हाय."

"घरात कोन-कोन आसतंय?"

"मी, आईसाहेब, दुसरी बायको आणि चार पोरं."

पावण्यांची छत्री खाली पडली. मी उचलून दिली.

"दुसरी?"

"व्हय. पहिली वारली."

"आगाई गं. कशानं?"

"इखानं." मी खुर्ची जवळ ओढली, डावपेच असे चारचौघांत बोलायचे नसतात. "आईसाहेबांनीच घातलं. म्हंजे सांगितलं मी, पर हात त्यांचा. लई सफाईदार! अजून कुणाला पत्ता न्हाय."

पावण्यांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "मान्सं काय म्हनली?"

"काय म्हणत्यात? तेराव्याला जेवून गेली सगळी."

"आन् पोरं?"

"तीन वर असतात, थोरला खाली. तळघरात. कोंडलाय त्याला."

"प-पोटच्या पोराला?"

"मग काय करू? इस्टेटीवर डोळा हुता त्याचा. चौदाचा हाय, पण लई आगाऊ."

"जेवाय-बिवाय घालता न्हवं?"

"घालतो की! दिसाआड."

आता पावण्यांचा चेहरा पार पिठासारखा झालेला. मला काय वाटावं? मला वाटलं, बुवा हिशेब करतोय! माझं घराणं किती कडक हाय, पोरगी द्यावी का न द्यावी, तोलून बघतोय. मला आणखीनच चेव आला.

"भाऊबंद किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोघं हुते. आता न्हाईत."

"त्येंस्नी बी...?"

"छे छे! इख न्हाय. सारखं सारखं इख वापरलं की लोकांना संशय येतोय. थोरल्याला शिकारीला नेलतं. धाकटा त्ये बघून आपणहून परागंदा झाला."

"आन् पोलीस?"

मी मांडीवर थाप मारून हसलो. "पोलीस! पावणं, लई इनोदी हाईसा तुम्ही! आमच्या शब्दाबाहेर कोण हाय तिथं?"

ते हसले न्हाईत. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग दुसरी बायकू घरात आस्ताना आमची पोरगी..."

"ऱ्हातील की दोघी! भांडायला लागल्या तर तळघर मोठं हाय."

"आन् आमच्या पोरीला काय कमीजास्ती झालं तर?"

"अजिबात काळजी नगं. जवर तुमच्याकडनं माणसं येतील, आमच्या भांडणात उभी ऱ्हातील, तवर तिच्या केसाला धक्का लागणार न्हाय."

"आन् मान्सं यायची थांबली तर?"

"मग बघू," मी म्हटलं, "आईसाहेब काय म्हणत्यात ते. च्या सांगू?"

"नगं!" असा ओरडला माणूस! पाटीचा पार अपमान केला. उठला, छत्री छातीशी धरली, आणि मागं न बघता जो सुटला तो थेट रस्त्यावर. एक चप्पल उंबऱ्यात निसटली, ती घ्यायला बी वाकला न्हाय. बंडानं पळत जाऊन दिली.

मी म्हटलं, घरी जाऊन विचार करील. मोठी सोयरीक हाय, घाई कशाला? आणि वळून स्क्रीनकडं बघतोय तर चॅटवर अघोरनाथ! 'भावा, बस चुकली. आज जमत न्हाय. पुढच्या रविवारी.'

मी स्क्रीन बघितली. खुर्ची बघितली. परत स्क्रीन बघितली.

"बंडा," मी म्हटलं, "आत्ता आलता ते कोण रे?"

"ते व्हय? सकाळी पानपट्टीवर तुझाच पत्ता इचारत हुतं. हातकणंगल्याच्या पोरीचा मामा म्हणं. सुगी चाललीती म्हणून पोरगी दाखवायच्या दिवशी येता आलं न्हवतं."

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय रे मेल्या!"

बंडानं भिंतीकडं बोट केलं. "मोठ्यानं बोलू नये."

पळत स्टँडवर गेलो, फलाट न् फलाट बघितला, रिक्षात वाकून बघितलं. कुठला मामा! दुपारी जेवण गेलं न्हाय. अव्वाला काय सांगू? कसं सांगू? 'अव्वा, तू माझ्या पहिल्या बायकोला इख घातलंयस' म्हणून सुरुवात करू? शेवटी बोललोच न्हाय. भित्र्या माणसाचं असंच असतं, उद्या बघू.

उद्या कुठला! दिवेलागणीला बसाप्पाअण्णा हजर. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. एरवी हा माणूस आत येऊन फडताळातला लाडू स्वतः घेणार.

"या की अण्णा, पाणी घ्या," अव्वा म्हणाली.

"पाणी नगं अक्का," अण्णांनी हात जोडले. "हात जोडतो. पाणी नगं."

"का? उपास हाय व्हय?"

अण्णा माझ्याकडं बघेनात. अव्वाकडं तर त्याहून बघेनात. म्हणाले, "हातकणंगल्यासनं फोन आलता. त्यांस्नी सोयरीक करायची न्हाय. मी म्हटलं त्यांना, वीस वर्सं वळखतो मी ह्या घराला, असलं काय न्हाय. तर म्हणत्यात, पोरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आणि अक्का..." इथं अण्णांनी मान वाकवून आत बघितलं. "तुमच्याकडं तळघर हाय का वो?"

"जिन्याखाली कांदे-बटाटे हाईत. का?"

"जरा दार उघडता?"

खरंच उघडायला लावलं वो! वीस वर्षांची ओळख, आणि बॅटरी मारून बटाट्यांच्या मागं बघितलं माणसानं! मग अण्णांनीच अव्वाला सगळं सांगितलं. पहिली बायको, दुसरी बायको, इख, सफाईदार हात, सगळं.

अव्वाचं काय झालं सांगू? आधी तिनं बटाट्याचं दार धाडकन लावलं. आणि मग जे सुरू झालं! पाच घरं पलीकडचं दार उघडलं.

"मी? मी इख घालती? आरं मुडद्या, उंदराचं औषध घरात ठिवाय मला भ्या वाटतंय! गल्लीतल्या मांजराला दूध घालती मी! आन् सुनंला इख? आजून सून बघितली न्हाय मी, तवर मारून मोकळी झाली व्हय?"

"अव्वा, त्ये खेळातलं..."

"खेळात आईला असं करतंय का कोण? विटी-दांडू खेळलास, लगोरी खेळलास, मी कवा कुणाला इख घातलं?"

बरं, अण्णांना तरी खेळ कुठं कळतोय? तासभर समजावलं. शेवटी त्यांनी डोकं खाजवून एकच सांगितलं, "हे मला उमगत न्हाय. पर खोटंनाटं आसंल तर उद्या चला माझ्यासंगं. मामा अजून तिथंच हाय. पुरावा घेऊन चला."

पुरावा! दुसऱ्या दिवशी फौंड्रीत दांडी मारली. बंडाकडनं सगळ्या घराण्याची रंगीत चित्रं छापून घेतली आणि पॅसेंजरनं आम्ही तिघं हातकणंगल्याला निघालो. गाडीत अव्वानं चित्रं मांडीवर घेतली. दुसऱ्या बायकोवर थांबली.

"हिचं कान आसं टोकदार का?"

"ती वनदेवीच्या कुळातली हाय."

"आन् कुळाची चौकशी कुनी केली?" अव्वा कडाडली. "आईला इचारायचं न्हाय, दाखवायचं न्हाय, आन् जंगलातनं बायको आणायची!"

समोरच्या बाकावरच्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी स्टेशन येईपर्यंत बाहेरच बघत बसलो.

हातकणंगल्यात ओसरीवर रिकाम्या खुर्च्यांची रांग. सरपंचकी होती तेव्हा माणसं मावत नसत म्हणे. वैशालीचे वडील एकटेच बसलेले. मामा आम्हाला बघून आत पळाले आणि खिडकीतनं बोलायला लागले. वैशाली दाराशी उभी, हाताची घडी घालून.

मी काय काय केलं असंल! हात जोडले, शपथा घेतल्या, चित्रं पसरली. हा बघा मी, डोक्यावर मुकुट. हा बघा तळघरातला थोरला, ह्याला शेपूट हाय. माणसाच्या पोराला शेपूट असतंय का? ह्या आईसाहेब, ह्या जादूगारीण. आणि ही माझी खरी आई, हिला बघा!

मामा हळूहळू बाहेर आले. शेपूट निरखून बघितलं. अव्वाकडं बघितलं. आणि मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "म्हंजे... त्यो समदा खेळ हुता?" आणि असे हसले, असे हसले, की टोपी मांडीवर पडली. "आन् मी भाऊजींस्नी सांगितलं, पोलिसात जावा! रातभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या!" वडील हसले, अण्णा हसले. अव्वा सुद्धा पदर तोंडाला लावून हसली. चहा आला. मामांनी अव्वाच्या समोर बसून फुर्रकन पिला. वैशाली बी ओठ दाबून हसत होती वो! मी म्हटलं सुटलो. देवा, सुटलो. वडील म्हणाले, "मग बसाप्पाअण्णा, सुपारीचं कवा बघायचं?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं की न्हाय?

वैशालीनं कपबशी खाली ठेवली. सहज म्हणाली, "एक विचारू? त्या पहिल्या बायकोला विष का घातलंत?"

आणि घराण्याचा विषय निघाला! मी सरसावून बसलो. "त्याचं असं झालं बघा, तिच्या माहेरचा जोर संपला. वडील लढाई हरले तिचे, माणसं सोडून गेली, कोण विचारीना. मग तसली सोयरीक ठेवून फायदा काय?"

तिचे वडील रिकाम्या खुर्च्यांकडं बघायला लागले. अव्वानं माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला. बोलायचं चाललं होतं न्हवं!

"दुसरं काही करता येत नव्हतं?" वैशालीनं विचारलं, अगदी शाळेत विचारावं तसं.

"येत हुतं की! माहेरी धाडता येतंय. सासऱ्याला मदत बी करता येती. पर मदतीला खर्च लई. इख स्वस्त पडतंय."

"आणि ती बाई कशी होती? स्वभावानं?"

"चांगली हुती," मी म्हटलं. "लई चांगली. शेवटपर्यंत मला औक्षण करत हुती."

हे बोललो, आणि मलाच ऐकू आलं. तोंडातनं गेलेला शब्द परत घेता येतो का वो? वैशालीनं सगळ्यांच्या कपबशा गोळा केल्या. माझी बी घेतली, त्यात चहा शिल्लक होता तरी. आत गेली आणि बाहेर आली न्हाय. वडिलांनी अण्णांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. अण्णांनी मान खाली घातली. सुपारीचं नाव परत निघालं न्हाय.

रडू येत होतं मला, सांगतो तुम्हाला. एवढा मोठा बाप्या, पण डोळे भरून आलेले. अव्वा पुढं चालत होती, माझ्याकडं वळूनसुद्धा बघत न्हवती. मामा स्टेशनपर्यंत सोडायला आले. भला माणूस. गाडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, चुकी माझी झाली," मामा म्हणाले. "मगाशी मी हासलो, म्हटलं समदा खेळ हाय, आसं खरंच कोन वागतंय व्हय? पर तुमचं मानलं पायजे. काल कॅफेत तुम्ही येक बी शबूद खोटा बोलला न्हवता."